नव्या गेजचं कार्ड

दाब मोजणारी उपकरणं विकणं ही माझी नोकरी होती. बॉयलर, कॉम्प्रेसर, औषधांचे कारखाने, जिथे म्हणून काही बंद भांड्यात कोंडलेलं असतं तिथे आमचं गेज लागायचं. उदारीकरणानंतर यंत्रं जगभरातून यायला लागली आणि प्रत्येक यंत्र आपापल्या देशाचं एकक घेऊन आलं. जर्मन यंत्रावर बार, अमेरिकन यंत्रावर पीएसआय म्हणजे पाउंड, जपानी आणि चिनी यंत्रांवर मेगापास्कल. आणि ती चालवणारा फरिदाबादचा फोरमन किलोत विचार करणारा. किलो म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो वजनाचा भार. त्याचा फोन यायचा, "साहब, इस पे पाँच लिखा है, हमारे में कितना हुआ?" मी कॅल्क्युलेटर न घेता सांगायचो. एक किलो म्हणजे चौदा पाउंडांहून जरा जास्त. बार आणि किलो जवळजवळ सारखेच. एक मेगापास्कल म्हणजे दहा किलो. गुडगावच्या ऑफिसात मला या गोष्टीचा मान होता आणि मला तो आवडायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं असं कुणी समजू नये.

माझे वडील हवामान खात्यात निरीक्षक होते. नागपूरहून बदली होऊन दिल्लीत आले आणि निवृत्त होईपर्यंत इथेच राहिले. सरकारी नोकरांनी मिळून काढलेल्या एका गृहनिर्माण सोसायटीचे ते सभासद होते. चौदा वर्षं वाट पाहिल्यावर सोडतीत द्वारकेतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट निघाला. आम्ही राहायला गेलो तेव्हा आमच्या सेक्टरात रस्ते होते, दिव्याचे खांब होते, पण खांबांवर दिवे नव्हते. मेट्रोचे फक्त खांब उभे राहत होते. आई त्याआधीच गेली होती.

त्यांच्या कामाचा मुख्य भाग म्हणजे ठरलेल्या वेळी पाऱ्याचा बॅरोमीटर वाचणं. लहानपणी सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्यासोबत जायचो. ते आधी बॅरोमीटरला जोडलेल्या थर्मामीटरचा आकडा घेत, कारण जवळ उभ्या माणसाच्या अंगाच्या उबेनेही तो चढतो. मग काचेवर बोटाने हलकी टिचकी मारत. मग पाऱ्याच्या माथ्याशी रेघ जुळवून श्वास रोखून वाचत. शेजारी भिंतीवर एक कार्ड टांगलेलं असे. त्या विशिष्ट बॅरोमीटरमध्ये किती फरक आहे आणि वाचलेल्या आकड्यात काय मिळवायचं किंवा वजा करायचं, ते त्यावर लिहिलेलं असे. वाचणाऱ्याने स्वतःचं डोकं चालवायचं नाही, कार्ड सांगेल ते करायचं. "साधन बदललं की कार्ड बदलायचं," ते सांगत. "नवं कार्ड येईपर्यंत वरिष्ठ म्हणतील ते चालवायचं." त्यांच्या नोकरीतच मिलिबारचं नाव जाऊन हेक्टोपास्कल आलं. "नाव नवं, आकडा तोच," ते हसून म्हणत. "नाहीतरी सरकारात दुसरं काय होतं?"

मी या धंद्यात आलो याचा त्यांना आनंद होता. आमच्यात बोलायला तेवढा एक विषय होता. मी पहिली मोटार घेतली तेव्हा आम्ही दोघं टायरमध्ये हवा भरायला पेट्रोलपंपावर गेलो. गाडीच्या पुस्तकात दोन किलो लिहिलं होतं. मी हवावाल्याला तेच सांगितलं.

तो म्हणाला, "किलो में तो साहब सब्ज़ी मिलती है. यहाँ तीस डलेगी कि बत्तीस, ये बोलो."

"अट्ठाईस," मी म्हणालो.

"अट्ठाईस में तो गाड़ी बैठी-बैठी चलेगी. बाऊजी से पूछ लो."

बाबा शेजारच्या सीटवरून म्हणाले, "अरे, जो कहता है वही डालो. इनका यही काम है." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "अठ्ठावीस बरोबर आहे ना रे? मी मनात केलं, अठ्ठावीस पॉइंट चार आलं." त्यांनीही हिशेब करून पाहिलाच होता. पण माझ्यावर सोडलं होतं. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला तरी घरी येऊन म्हणत, "हा आमच्यातलाच माणूस. अजून पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतो."

सत्तरी ओलांडल्यावर त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. तरुणपणी भरपूर सिगरेट ओढलेली, त्यात दिल्लीचे हिवाळे. दोनदा हॉस्पिटलात राहून आल्यावर डॉक्टर म्हणाले की आता घरी ऑक्सिजन लागेल, मिनिटाला दोन लिटर, दिवसातले बारा तास तरी. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी मशिनं मिळत होती, पण द्वारकेत वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. म्हणून सिलिंडर. पालमच्या एका दुकानाचे मालक सरदारजी होते. ते स्वतः टेम्पोतून एक दिवसाआड येत आणि दोन रिकामे सिलिंडर नेऊन दोन भरलेले ठेवत.

सिलिंडरच्या तोंडाशी रेग्युलेटर असतो. त्यावर एक गोल गेज, आत किती दाब उरलाय ते दाखवणारं, आणि शेजारी मिनिटाला किती लिटर सोडायचं ते ठरवायची किल्ली. बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "किती वेळ पुरेल हे गेजवरून कसं कळायचं?" मी बसून हिशेब केला. दहा लिटरचा सिलिंडर, भरलेला असताना दीडशे किलो दाब. मिनिटाला दोन लिटर सोडले तर गेजवरच्या आकड्याला पाचने गुणायचं, तितकी मिनिटं उरली. दीडशेला साडेबारा तास. शंभरला आठ तासांवर थोडे. तीसच्या खाली आलं की सरदारजींना फोन. बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसरा राहिला होता, म्हणून मी हे मोठ्या काळ्या आकड्यांत जाड कागदावर लिहून त्यांच्या खुर्चीजवळ भिंतीला लावलं. त्यांनी ते नीट वाचलं, एकदा पाचने गुणून पाहिलं आणि म्हणाले, "अच्छा. कार्ड झालं." त्या दिवसापासून एका वहीत ते गेजचा आकडा ठरलेल्या वेळी उतरवू लागले. सकाळी आठ, अकरा, दोन, पाच.

सहा-सात महिने हे बिनबोभाट चाललं. मग रेग्युलेटर गळायला लागला. सरदारजी एका सकाळी आठच्या आधी भरलेला सिलिंडर आणि नवा रेग्युलेटर घेऊन आले. पान्याने बसवता बसवता म्हणाले, "साहब, ये चाइना वाला है. इसकी रीडिंग अलग आती है, समझ लेना."

"मेरा यही काम है, सरदारजी," मी म्हणालो. माझी ऑफिसची कॅब खाली उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. गुडगावच्या वाटेवर कापसहेड्याच्या नाक्यापाशी अर्धा तास अडकायला होई, आणि त्या दिवशी दहा वाजता जपानहून आलेल्या पाहुण्यांसमोर मला बोलायचं होतं. मी बुटाच्या नाड्या बांधत होतो.

बाबा नव्या गेजकडे वाकून पाहत होते. "खाली बारीक काय लिहिलंय रे?"

"एककाचं नाव असेल."

"मग याचं कार्ड?"

मी दारातून पाहिलं. काटा उजवीकडे पार कलला होता. सिलिंडर भरलेला आहे हे मला पाच पावलांवरून कळत होतं. गेज बारमधलं असणार असं मी धरून चाललो, आणि बार म्हणजे किलोच. "तेच चालेल बाबा," मी म्हणालो. "नाव नवं, आकडा तोच."

त्यांचंच वाक्य मी त्यांना ऐकवलं. ते हसले आणि "जा, उशीर होतोय तुला," म्हणाले.

माझी बायको शाळेत शिकवते. मुलीला घेऊन ती सातलाच गेली होती, दोघी अडीचला यायच्या. कामवाली अकरापर्यंत असे. अकरा ते अडीच बाबा एकटे.

पुढचं मला त्यांच्या वहीवरून कळलं. आठची नोंद नव्हती, तेव्हा घरात गडबड होती. सकाळचे काही तास ते नळीशिवाय काढत, म्हणून अकरापर्यंत प्रवाहाची किल्ली बंदच होती. अकरा वाजता त्यांनी चष्मा लावून गेज वाचलं. काटा पंधरावर होता. कार्डाप्रमाणे पंधरा पंचे पंच्याहत्तर. सव्वा तास उरला. नवा सिलिंडर इतका रिकामा कसा, असं त्यांना वाटलं असणार, पण पूर्वी एकदा सरदारजींकडून अर्धवट भरलेला सिलिंडर आला होता. त्या सकाळी सरदारजींनी एकच आणला होता, जोडीचा दुसरा रिकामाच होता. त्यांनी सरदारजींना फोन केला, तर दुकानातून कळलं की ते टेम्पो घेऊन उत्तमनगरला गेलेत, चारनंतर येतील. त्यांनी प्रवाह दोनऐवजी एकवर ठेवला, म्हणजे सव्वा तासाचे अडीच तास होतील. मग माझ्या मोबाइलवर फोन केला. तो बंद होता. मग ऑफिसात.

आमच्या रिसेप्शनवरच्या बाई कॉन्फरन्स रूममध्ये चिठ्ठी घेऊन आल्या. मी पडद्यासमोर उभा होतो. चिठ्ठीवर लिहिलं होतं, वडिलांचा फोन, रीडिंग पंधरा आहे, फोन करा.

मला ते एका क्षणात कळलं. पंधरा, म्हणजे गेज मेगापास्कलचं आहे. पंधरा मेगापास्कल म्हणजे दीडशे किलो. भरलेला सिलिंडर. चला, सगळं ठीक आहे. मी चिठ्ठी पँटच्या खिशात टाकली आणि बाईंकडे पाहून मान हलवली. त्या गेल्या आणि मी पुढे बोलू लागलो.

मी किती वेळा हा क्षण मनात परत चालवून पाहिला असेल. मी चिठ्ठी वाचली नाही असं नाही. समजली नाही असंही नाही. ती माझ्याइतकी झटकन त्या खोलीत कुणालाच समजली नसती. माझ्यापुरतं उत्तर मिळालं आणि मी तिथेच थांबलो. भिंतीवरच्या कार्डाशेजारी बसलेल्या माणसाला पंधराचा अर्थ काय लागत असेल हा विचार दुपारी जेवताना एकदा येऊन गेला. पाहुण्यांना घेऊन आम्ही एका नव्या मॉलमधल्या हॉटेलात गेलो होतो. मला वाटलं, जेवण झाल्यावर करू फोन. मग वाटलं, परत ऑफिसात गेल्यावर करू.

रिसेप्शनच्या बाईंनी बाबांना सांगितलं होतं, "अंकल, सर को बता दिया है." त्यांच्या वहीत तशी नोंद आहे. म्हणून त्यांनी परत फोन केला नाही. निरोप पोचला, वरिष्ठाला कळलं, आता तो व्यवस्था करेल, अशा रीतीने ते चाळीस वर्षं काम करत आले होते.

वहीतलं अक्षर सुरुवातीला नेहमीसारखं टपोरं आहे.

११.००: १५. प्रवाह १.
११.२५: कार्यालयात निरोप दिला. मिळाल्याचं कळलं.
११.४५: १५. टिचकी मारली. काटा अडकला असावा.
१२.१०: १५. प्रवाह अर्धा.
१२.४०: बंद. दम लागल्यास पाच मिनिटं सुरू.
१.१५: हॉस्पिटलात नेताना वाटेत लागेल, तेवढा राखला पाहिजे. बंद.

त्यानंतर काही नाही. काटा हलत नव्हता, कारण भरलेल्या सिलिंडरमधून इतका थोडा ऑक्सिजन काढल्यावर तो हलणारच नव्हता. त्यांना वाटलं काटाच खोटा आहे. आपण चुकतोय असं गेज त्यांना तासभर सांगत होतं आणि ते कार्डावर विश्वास ठेवून होते, कारण कार्ड मी लिहिलं होतं आणि तेच चालेल असंही मीच म्हणालो होतो.

अडीचला बायको आली तेव्हा ते खुर्चीत पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसले होते. ओठ निळे पडले होते. नळी नाकाला होती आणि किल्ली बंद. तिने ती उघडली. त्यांनी तिचा हात धरून पुन्हा बंद करायचा प्रयत्न केला. "संपेल," एवढंच म्हणाले. ती नंतर मला सांगत होती, "अहो, अंगात त्राण नव्हतं, पण माझं मनगट सोडेनात." शेजारच्यांनी गाडी काढली. दीडशे किलो दाबाचा भरलेला सिलिंडर मागच्या सीटवर त्यांच्या पायांशी ठेवून ते जनकपुरीच्या हॉस्पिटलात गेले.

मी पोचलो तेव्हा पाच वाजले होते. ते अतिदक्षता विभागात होते, तोंडावर मास्क. डॉक्टर बायकोला विचारत होते की सिलिंडर भरलेला असताना बंद कोणी केला. ती माझ्याकडे पाहत होती. मी काही बोलायच्या आत बाबांनी मास्क हाताने बाजूला केला.

"मैंने ग़लत पढ़ा, डॉक्टर साहब. आँख की तकलीफ़ है."

डॉक्टर त्यांच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "कोई बात नहीं, बाऊजी. उमर में होता है."

बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "त्यांनी तुम्हाला फोन केला होता का?"

"मीटिंगमध्ये होतो," मी म्हणालो. "कळलं नाही."

काचेचं दार अर्धवट उघडं होतं आणि त्यांची खाट दारालगत होती. त्यांनी ते ऐकलं.

बारा दिवसांनी ते घरी आले. पूर्वी घरातल्या घरात फिरत, बाल्कनीपर्यंत जात. आता खुर्ची ते खाट, तेही हात धरून. डॉक्टर म्हणाले की हृदयावर ताण आला आहे, तो आता भरून निघणार नाही. मी नवं कार्ड लिहिलं. पंधरा म्हणजे भरलेला, तीन म्हणजे फोन करा. त्यांनी ते वाचलं आणि मान डोलावली. या वेळी गुणून पाहिलं नाही. वही त्यांनी पुन्हा उघडली नाही आणि मीही ती त्यांच्यापुढे ठेवली नाही. रीडिंग बायको घेऊ लागली.

एका रविवारी दुपारी आम्ही दोघंच होतो. मी त्यांची नखं कापत होतो. ते सावकाश, दोन शब्दांमध्ये श्वास घेत म्हणाले, "त्या दिवशी तुझ्या ऑफिसातली मुलगी म्हणाली होती, सांगितलंय म्हणून."

मी नेलकटर थांबवलं.

"विसरली असेल," ते म्हणाले. "कामात राहून जातं माणसाचं."

ते माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांनी मला पळायला वाट दिली की खरं बोलायची संधी, हे मला आजही ठरवता येत नाही. कदाचित त्यांनाही फक्त जाणून घ्यायचं असेल. निरीक्षकाला आपली नोंद पूर्ण करायची असते. मला हेही दिसत होतं की मी आता बोललो तर ते मला क्षमा करतील, आणि तीच मला सहन होणार नाही.

"हो," मी म्हणालो. "विसरली असेल."

त्यांनी हात पुढे केला. उरलेली बोटं मी कापली. त्या बाईंनी तीन वर्षं माझ्या निरोपांत कधी एक चूक केली नव्हती. त्यांच्यावर मी हे टाकलं. त्यांना ते कधी कळलं नाही, पण बाबांना मी खोटं बोललो हे माहीत होतं. त्यानंतर त्यांनी मला ऑफिसात फोन कधीच केला नाही. खोकला वाढला तरी संध्याकाळी मी येईपर्यंत थांबत. बायको रागवायची, "बाबा, लगेच कळवायचं ना." ते म्हणत, "त्याची मीटिंग असेल." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. तेराव्याला पुण्याहून बहीण आली होती, नागपूरचे काका होते, बाबांचे दोन-तीन जुने सहकारी होते. जेवणं झाल्यावर जुन्या गोष्टी निघाल्या. एक सहकारी म्हणाले, "त्यांचं रीडिंग कधी परत तपासावं लागलं नाही." बहीण डोळे पुसत म्हणाली, "आणि शेवटी बघा ना, काका, स्वतःच्या सिलिंडरचा आकडा वाचता आला नाही. भरलेला असून बंद करून बसले."

"म्हातारपण," काका म्हणाले. "चालायचंच."

बायको पानाचं तबक घेऊन उभी होती. मी तिच्या हातातून ते घेतलं आणि सगळ्यांपुढे फिरवलं.

बहीण ही गोष्ट अजून सांगते. तिला वडिलांचं फार वाटतं, म्हणूनच सांगते. मागच्या वर्षी माझ्या मुलीच्या साखरपुड्यात तिने ती व्याह्यांना सांगितली. आजोबा कसे आयुष्यभर हवेचा दाब मोजत आणि शेवटी कसे चुकले. व्याही सज्जन माणूस, त्यांनी चुकचुकून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो, डोळ्यांचा त्रास होता त्यांना."

घरी येताना गाडीत मी बायकोला म्हणालो की बाबांनी बरोबर वाचलं होतं. गेजवर आकडा पंधराच होता. निरोप मला मिळाला होता, साडेअकराला, लेखी.

ती म्हणाली, "मला माहीत आहे. तुमची पँट धुवायला टाकताना चिठ्ठी मिळाली होती. मी वाट पाहत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"बाबांनी सांगितलं होतं, त्याला विचारू नकोस म्हणून."